कापलेली पिन

माझी आत्या नोकरीत होती तोवर लोक तिला प्रश्न विचारायचे. निवृत्त झाली आणि तिने ते सगळे प्रश्न जगाला परत करायला सुरुवात केली.

बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत तिची सारी नोकरी झाली. काचेच्या आत ती, काचेबाहेर जग. गाडी कितीला, फलाट कुठला, शेवटची गेली का, गेली असेल तर का गेली, पाण्याचा नळ कुठे, आणि माझी बायको आत्ता इथे उभी होती ती कुठे गेली. आत्या सगळ्यांना उत्तर द्यायची, बायकोवाल्यालासुद्धा. आम्ही घरात तिला 'चौकशी' म्हणायचो, आधी नोकरीवरून आणि पुढे स्वभावावरून.

कारण घरी बसल्यावर तिला प्रत्येक वस्तूच्या पोटात काय आहे ते पाहायचं होतं. पहिली उघडली ती इस्त्री. "पुरेशी तापली की ही आपोआप बंद होते. तिला कळतं कसं?" तिने आईला विचारलं.

"वन्सं, तिला कळतंय ना? मग पुरे आहे," आई म्हणाली. "आपल्याला कळून काय करायचंय?"

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली, आणि आईचं नि तिचं अगदी चांगलं जमायचं. म्हणजे दोघी रोज भांडायच्या. इस्त्रीनंतर भिंतीवरचं घड्याळ झालं, त्यानंतर मिक्सर. मिक्सरचे अवयव जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडलेले पाहून आईने निकाल दिला की हे टेबल एक तर जेवणाचं राहील, नाहीतर चिरफाडीचं. आत्याने आपला पसारा उचलला आणि गॅरेजमध्ये गेली.

गॅरेज म्हणजे नुसतं नाव. चारचाकी आमच्याकडे कधी नव्हतीच. आत वडिलांची स्कूटर, रंगाचे वाळून दगड झालेले डबे, मोडक्या पलंगाचे पाय आणि एक दार, जे आमच्या घरातल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. छताला एक दिवा. प्लग लावायला जागा नाही. आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेंशनची वायर बाहेर काढायची, अंगणातून ओढत न्यायची, आणि काम ऐन रंगात आलं की इकडे आई मिक्सरसाठी तिचा प्लग उपटायची. मग अंगणाच्या दोन टोकांवरून दोघींचं जे चालायचं, ते ऐकायला शेजारी झाडांना पाणी घालायला बाहेर येत.

तिथे तिचं खरं काम एकच होतं. स्थानकाचं नूतनीकरण झालं तेव्हा जुनं सामान भंगारात निघालं, आणि त्यातून आत्याने आपल्या खिडकीतला सेट मागून आणला. करड्या रंगाचा पत्र्याचा डबा, त्याला वाकवता येईल अशा दांड्यावर माइक, आणि लांब तारेच्या टोकाला एक छोटा भोंगा. हा भोंगा खिडकीबाहेर लावलेला असायचा. आत्या आत बोलायची, आवाज बाहेर पडायचा. तो कसा पडतो, हे तिने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. तिला ऐकू यायचं ते फक्त पहिल्या वाक्यानंतर येणारं लोकांचं "काय?" प्रत्येक उत्तर तिला दोनदा द्यावं लागायचं.

मध्ये कधीतरी स्थानकात उद्घोषणा करणारीची जागा रिकामी झाली. प्रवाशांनी लक्ष द्यावे, अमुक गाडी तमुक फलाटावर, ते काम. आत्याला ते मनापासून हवं होतं. गाड्यांचं वेळापत्रक तिला झोपेत विचारलं तरी पाठ. साहेब म्हणाले, "बाई, तुमचं काम चोख आहे, पण तुमच्या आवाजात काहीतरी घोंघावतं हो. खिडकीपाशी उभं राहून बघितलंय मी." जागा दुसरीला मिळाली. दुपारच्या पाळीचे एक काका होते, ते माइकला हात लावत नसत. काचेच्या भोकाला तोंड लावून ओरडायचे. त्यांच्याबद्दल सगळं स्थानक म्हणायचं, आवाज असावा तर असा!

आत्या ही गोष्ट हसत सांगायची. "माझ्या घशात माशी आहे," म्हणायची. आम्ही कितीही सांगितलं की तुझा आवाज चांगला आहे, तरी तिचं उत्तर ठरलेलं: घरचे गोडच बोलणार. पण तो मुका डबा तिने घरी आणला, तेव्हा मला कळलं की हसणं वरवरचं होतं. तिला एकच जाणून घ्यायचं होतं. माशी घशात होती की डब्यात?

डबा उघडून तिने आतली धूळ पुसली, पुस्तकं आणली, तारांच्या जोडांची तुटलेली डाकं कथील वितळवून नव्याने दिली. त्याच्या प्लगची मात्र तिला फार गंमत वाटायची. दोन पिना धड होत्या आणि तिसरी, वरची जाड पिन, कुणीतरी करवतीने बुडापासून कापली होती.

"का कापली असेल गं?" ती मला विचारायची.

"भोकात जात नसेल."

"मग तिच्यासाठी भोकच का नव्हतं?"

मला काय माहीत! मी ऑफिसातून दमून आलेली असायचे. म्हटलं, स्थानकात जाऊन विचार की, चौकशी खिडकीत.

दोन डाकं द्यायची राहिली होती, तेव्हा एक्स्टेंशनचा बोर्ड करपला. वास आधी आईला आला. वडील सहसा दोघींच्या मध्ये पडत नाहीत, पण त्या दिवशी ते काळा पडलेला प्लग हातात घेऊन म्हणाले, "घर जाळायचं आहे का? वायरमनला बोलव आणि गॅरेजमध्ये रीतसर पॉइंट काढून घे."

आमच्या भागातला वायरमन माणूस भला, पण त्याला अबोल म्हणतात ते उगीच नाही. शब्द म्हणजे शिडीवरून हात सोडण्यासारखं काहीतरी धोक्याचं आहे, असा त्याचा समज असावा. तो आला आणि आत्याने त्याला सगळं सांगून टाकलं. निवृत्तीनंतर हे शिकतेय, हा माझ्या खिडकीतला सेट, हा चालू करायचाय, त्यासाठी पॉइंट हवा. ह्या वयात कसलं हे खूळ, असं तुम्हाला वाटेल, असंही म्हणाली. त्याने मान हलवली. मान हलवून त्याला काय म्हणायचं होतं ते देव जाणे.

त्याच्याजवळ एक होल्डर होता, त्यात दिवा आणि खाली दोन मोकळ्या तारा. छतावरच्या दिव्याची वायर त्याने तपासली, मग स्वयंपाकघरात जाऊन एकेका प्लगच्या भोकांत त्या तारा घालून पाहिल्या, मग मेन बोर्ड उघडून त्यात बराच वेळ डोकं घातलं. मी चहा घेऊन गॅरेजच्या दारात पोचले तेव्हा तो परत आला होता. आत्या स्टुलावर बसली होती आणि सेटवर तिचा हात होता. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग सेटकडे पाहिलं.

"अर्थ नाही," तो म्हणाला.

आत्याचा हात तिथेच राहिला. "काहीच नाही?"

"अजिबात."

"बरं," आत्या म्हणाली.

बस्स. का, कसं, कशावरून, काही नाही. जी बाई इस्त्रीला तिच्या अकलेबद्दल विचारते, तिने ह्या माणसाला एक प्रश्न विचारला नाही. तो चहा पिऊन "बघतो" असं काहीसं पुटपुटला आणि गेला. आत्याने सेटवर जुना टॉवेल टाकला आणि गॅरेजचा दिवा मालवला.

नंतरचे दिवस घरात इतकी शांतता होती की आई घाबरली. एरवी आईला शांतता हवी असते, पण ही तिला सहन होईना. तिने आपण होऊन मिक्सर पुढे केला. "वन्सं, हा जरा वेगळाच आवाज करतोय हं. उघडून बघता का?" मिक्सरला काहीही झालं नव्हतं.

"करू दे," आत्या म्हणाली.

आईने मग फ्रीजचा विषय काढला. फ्रीजच्या दाराला हात लावला की तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. डॉक्टर म्हणाले होते, वयोमानाने येतात, आणि ती गोळ्या घेत होती. एरवी आत्याने फ्रीजला आणि डॉक्टरला दोघांनाही सोडलं नसतं. ती फक्त म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेत जा, वहिनी." आई डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

मी आत्याला गाठलं. "त्याने अर्थ नाही म्हटलं आणि तू ऐकून घेतलंस? का नाही, ते विचारायचंस तरी!"

"उत्तर माहीत असलं की माणूस विचारत नाही गं," ती म्हणाली. "खिडकीतून रोज बघायचे मी. ज्याची शेवटची गाडी गेलेली असते ना, तो चौकशीला येतच नाही. लांबूनच रिकामा फलाट बघतो आणि वळतो. वायरमनने ते बोलून दाखवलं, एवढंच. तू भंगारवाल्याला निरोप दे. गॅरेजमधला डबा घेऊन जा म्हणावं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भंगारवाल्याला निरोप दिला नाहीच. तडक वायरमनच्या दुकानावर गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोबण, वायरींची वेटोळी आणि मधोमध हा, एका पंख्याशी झटत असलेला.

"तुम्हाला आम्ही कशाला बोलावलं होतं?" मी विचारलं.

"पॉइंट काढायला."

"मग पॉइंट काढायचा! अर्थ आहे की नाही, हे तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

तो बावचळला. "ते आधी बघावंच लागतं."

"आणि बघून तोंडावर सांगायचं? एका बाईला, जी इतक्या उमेदीने शिकतेय? अर्थ नाही म्हणे!"

"नाहीच आहे." त्याने पंखा खाली ठेवला. "गॅरेजचं सोडा, तुमच्या अख्ख्या घरात नाही."

आता हा आमच्या खानदानावर आला! मी म्हटलं, "आमच्या घरात काय आहे आणि काय नाही, ते आम्ही बघू. आणि कुठे असतो हो हा तुमचा अर्थ? सांगा ना!"

"जमिनीत," तो म्हणाला. "तिथे जावं लागतं."

एका वयस्क बाईला हा माणूस जमिनीत जायला सांगतोय! माझा चेहरा त्यालाही दिसला असावा, कारण त्याने घाईघाईने फळीवरून एक प्लग काढला, माझ्यासमोर धरला आणि वरच्या जाड पिनेवर बोट ठेवलं. मग एक हिरवी वायर ओढून तिच्याशेजारी धरली.

"हा," तो म्हणाला. "अर्थ."

मी त्या पिनेकडे पाहत राहिले. "अर्थिंग?"

"तेच की."

अर्थाचा अनर्थ म्हणतात तो आमच्या गॅरेजमध्ये अगदी शब्दशः झाला होता! ह्या माणसाने शेवटच्या 'इंग'ची बचत केली आणि आमच्या घराची झोप उडवली. मी त्याच्यावर ओरडू की हसू हे मला कळेना, म्हणून दोन्ही केलं. सगळा प्रकार त्याला सांगितला तेव्हा तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि मग त्याच्या मानाने भाषण म्हणावं इतकं बोलला. "मी सोडलं नव्हतं ताई. खड्डा घ्यावा लागेल. पाइप सांगून ठेवलाय. आला की येणारच होतो." जरा थांबून म्हणाला, "त्यांना वाईट वाटलं?"

"तुम्हीच येऊन सांगा," मी म्हटलं.

तो पाइप, कोळसा आणि मिठाचं पोतं घेऊन आला तेव्हा आत्या अंगणात बसून काहीही करत नव्हती. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि अंगणातल्या मातीकडे बोट दाखवून म्हणाला, "अर्थ इथे आहे, मावशी. खणून काढावा लागेल."

आत्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, मला वाटलं होतं तशी. तिने पदराला हात पुसले, उठली आणि म्हणाली, "जमिनीत नक्की काय असतं?"

आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिने देवाला हात जोडलेले मी पाहिले.

त्या दिवशी अबोलाची जी परीक्षा झाली, तशी कुठल्या शाळेत झाली नसेल. खड्डा इतका खोल का? गॅरेजच्या इतक्या जवळ कसा? पाइपाभोवती कोळसा कशाला? मीठ कशाला? ह्यावर तो म्हणाला, "ओल धरतं." आईने 'मीठ' एवढंच ऐकलं आणि बरणी घेऊन धावत आली. चवीपुरतं की जास्त, असं तिने विचारलं तेव्हा त्याच्या पाठीमागे पोतं होतं. आत्याने हट्टाने कुदळ मागून घेतली, थोडं खणलं, मग कुदळ त्याला परत देऊन प्रश्न तेवढे चालू ठेवले.

त्याची उत्तरं न जोडलेल्या तारांसारखी सुटी सुटी येत होती, पण ती जुळवून आत्याने आम्हालाच समजावलं. यंत्राच्या पत्र्यात वीज चुकून उतरली, तर ती ह्या हिरव्या तारेने मुकाट्याने जमिनीत निघून जाते. तार नसेल तर तिथेच रेंगाळते आणि हात लावणाऱ्याला चावते. आमच्या घरातल्या प्लगांना तिसरं भोक होतं, पण त्याच्या मागे काहीच नव्हतं. ते नुसतं शोभेचं.

"वहिनी," आत्या एकदम म्हणाली, "तुमच्या मुंग्या!"

"माझ्या मुंग्यांचं काय?"

"त्या तुमच्या नाहीत. फ्रीजच्या आहेत."

आई कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिने डॉक्टरबद्दल जे उद्गार काढले, ते इथे लिहिता येणार नाहीत.

हिरवी तार खड्ड्यातून मेन बोर्डात गेली, तिथून स्वयंपाकघरात आणि भिंतीवरच्या पट्टीतून गॅरेजमध्ये. नवा बोर्ड बसला. अबोलाने आपल्या दिव्याची एक तार चालू भोकात घातली, दुसरी वरच्या जाड भोकात, आणि दिवा लख्ख लागला.

"आला," तो म्हणाला.

"चला," वडील म्हणाले, "ह्या घरात एकदाचा अर्थ आला."

आम्ही हसलो. आत्याचं लक्ष नव्हतं. तिने सेटवरचा टॉवेल काढला होता आणि राहिलेली दोन डाकं द्यायला ती वाकली होती. ती झाल्यावर तिने कापलेल्या पिनेचा प्लग उघडला. आतली हिरवी तार शाबूत होती, तिला कुठे जायला जागा नव्हती, इतकंच. आत्याने तो प्लग सोडवून नवा, तीन पिनांचा लावला. भोंग्याची तार सोडत सोडत अबोल अंगणात फाटकापाशी जाऊन उभा राहिला. ऐकायला तिनेच त्याला निवडलं होतं. आम्ही घरचे, आम्ही गोडच बोलणार. हा माणूस मात्र शब्द फुकट घालवत नाही, हे तिने सोसून पाहिलं होतं.

तिने बटण दाबलं. डब्यावरचा बारका लाल दिवा लागला.

"चौकशी. बोला," आत्या माइकमध्ये म्हणाली.

आत्याने गॅरेजमधून मान बाहेर काढली. "कसा येतोय?"

"स्वच्छ."

"मागे काही घोंघावतं का? नीट ऐका."

त्याने भोंग्याला कान लावला. "नाही."

एवढ्यावर भागवेल तर ती आत्या कसली! तिने सेट बंद केला, कापलेल्या पिनेचा जुना प्लग परत जोडला आणि मला आत बसवलं. "तू बोल," म्हणाली आणि स्वतः भोंग्यापाशी जाऊन उभी राहिली. मी बोलायच्या आधीच भोंग्यातून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. मी बोलले, तर माझ्या आवाजावर तो बसून राहिला. मग वडिलांना बोलायला लावलं, त्यांच्याही आवाजावर माशी. मग अबोलाला. तो "हॅलो" म्हणाला आणि त्याच्या त्या एका शब्दालासुद्धा माशीने सोडलं नाही. मग पुन्हा नवा प्लग. घूं गायब. पुन्हा जुना, पुन्हा नवा. शेवटी वडील म्हणाले, "अगं, पटलं ना आता?"

"पत्र्यात रेंगाळलेली वीजच घोंघावत होती," आत्या म्हणाली. "खिडकीतल्या बोर्डाला तिसरं भोक नव्हतं, म्हणून कुणीतरी पिन कापली, आणि झालं." तिने तो जुना प्लग वडिलांच्या हातात दिला. "मी गरम पाण्याच्या गुळण्या करायचे रे दादा. कितीतरी वर्षं."

वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या साहेबाला आत्ताच्या आत्ता शोधून काढून भोंग्यासमोर उभं करावंसं वाटलं, आणि मी तसं म्हटलंही. आत्या म्हणाली, "त्यांना तरी काय माहीत असणार? त्यांनी विचारलंच नाही." आणि पुन्हा आत जाऊन माइकपुढे बसली.

आई ह्या सगळ्यात नव्हती. ती मघाशीच स्वयंपाकघरात गेली होती. फ्रीजच्या दाराला पुन्हा पुन्हा हात लावून बघणं चाललं होतं, आणि नळही सोडलेला होता. आत्याने माइक जवळ ओढला.

"वहिनी," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "वायरमनसाठी चहा ठेवता का?"

"ठेवते!" आईचा आवाज लगेच आला.

मी आत डोकावले, तर ती माइककडे बघत तशीच बसली होती.

"ऐकलंस?" ती मला म्हणाली. "काय म्हणून विचारलं नाही तिने. एकदाच सांगावं लागलं गं."